सातवी सीट फुकट कुणाची?

पत्राचा सारांश : नाशिकहून एका ताईंनी लिहिलंय. पन्नाशी ओलांडलेली, नोकरी चालू. रविवारी पहाटे दुर्बिणी गळ्यात अडकवून नांदूर मध्यमेश्वरला जाणारा त्यांचा सात जणांचा गट आहे. या गटाची येत्या फेब्रुवारीत नऊ रात्रींची श्रीलंकेची पक्षीसहल ठरतेय. कितुलगला, नुवारा एलिया, तिस्सामहारामा आणि सिंहराजा इथं दोन-दोन रात्री, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला. खर्च वाटून घ्यायचा आहे. जुळवाजुळव सगळी ताईंकडे. तिथल्या एका एजंटानं विमान सोडून माणशी 96,000 रुपये सांगितलेत, आणि सहा जणांनी पैसे भरले तर सातवा, म्हणजे गट आणणारा, फुकट. 96,000 चा आकडा गटाला माहीत आहे, फुकट सीटचं ताईंनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. गटात एक जोडपं आहे, त्यातल्या वहिनींना पक्ष्यांत रस नाही. आणखी दोघा मित्रांकडे मोठ्या लेन्स आहेत. त्यांना 'याला' या राष्ट्रीय उद्यानात स्वतंत्र जीप हवी आहे, आणि त्यातल्या एकानं अजून आगाऊ रक्कम भरलेली नाही. एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते एकटे असल्यानं सिंगल रूमचे 27,000 त्यांना वेगळे पडताहेत. ताई आणि त्यांची मैत्रीण एका खोलीत राहणार. ताई विचारतात, "चार महिने मी राबतेय. फुकट सीट घेतली तर चुकलं का? आणि हिशेब असा कसा मांडू, की कुणीच दुखावणार नाही?" ता. क. : फ्रॉगमाऊथ हा निशाचर पक्षी बघायचं त्यांचं फार दिवसांचं स्वप्न आहे, त्यासाठी सिंहराजाला एक रात्र वाढवावी का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात घालमेल पुष्कळ आहे आणि आकडे मोजकेच. पण जे आहेत तेवढे पुरेत. कागद-पेन्सिल घेऊन बसू.

एजंटाचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं तर काय होतं बघा. सहा जणांचे 96,000 प्रमाणे 5,76,000. गुरुजींच्या एकट्या खोलीचे 27,000. एकूण 6,03,000 रुपये. यातले पाच जण 96,000 देणार, तुम्ही शून्य देणार आणि गुरुजी देणार 1,23,000. सात जणांत ज्यांचा हात सगळ्यात आखडता आहे, "साधी हॉटेलं बघा हो" म्हणून जे तुम्हाला पुन्हा पुन्हा फोन करताहेत, तेच सगळ्यात जास्त भरणार. तुम्ही असं ठरवलेलं नाही, एजंटाच्याही मनात काही वाकडं नसेल. दरपत्रकातले 'माणशी' आणि 'ट्विन शेअरिंग' (दोघांत एक खोली) हे दोन शब्द हे काम मुकाट्यानं करून जातात.

तीच रक्कम सातांत सरळ वाटली तर प्रत्येकी 86,143 रुपये येतात. हा आकडा कुठंतरी लिहून ठेवा.

आता फुकट सीट. एजंट काही अन्नछत्र चालवत नाही. सातव्या माणसाची खोली, जेवण, जंगलांची तिकिटं याला पैसे पडतातच, ते बाकीच्या सहांच्या 96,000 मध्ये आधीच बसवलेले असतात. 5,76,000 ला सातानं भागा, 82,286 येतील. फरक 13,714 चा. म्हणजे गुरुजी, वहिनी, तुमची मैत्रीण, प्रत्येकानं तुमच्यासाठी 13,714 रुपये भरायचे आणि त्यांना त्याचा पत्ताही नसायचा. सीट घेणं मला तितकंसं खुपत नाही. सहली नेणारे लोक उघडपणे घेतात आणि त्यांच्या कामाचं ते मोल असतं. खुपतं ते न सांगणं, आणि तुम्हालाही तेच खुपत असावं, नाहीतर चार पानी पत्र कशाला लिहिलं असतं?

पण तुमचे चार महिने खरेच आहेत. सहा जणांच्या सुट्ट्या जुळवायच्या, पौर्णिमा कधी येते ते पाहायचं (श्रीलंकेत दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते आणि त्या दिवशी जंगलांत जत्रा भरते), एजंटाशी रात्री अकराला बोलायचं, मग तेच सगळं गटावर पुन्हा लिहायचं आणि वर "ताई, किती वाजता निघायचंय?" याला सतराव्यांदा उत्तर द्यायचं. हे काम आहे. आपल्याकडे, विशेषतः बाईनं केलं की, त्याला 'आवड' म्हणतात. त्याचा मोबदला मागायला तुम्हाला लाज वाटते, म्हणून तो गुपचूप मिळतोय तर घ्यावा, असं मन म्हणतंय. भीड भिकेची बहीण ती अशी. उघड मागता येत नाही म्हणून माणूस लपून घेतो.

माझं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही आठ जण वर्गणी काढून एका पाणथळीवर चार दिवस गेलो होतो. हिशेब माझ्याकडे. मी एक रुपया कमावला नव्हता, उलट रिक्षाचे आणि झेरॉक्सचे पैसे मांडायलाच विसरले होते. परतीच्या गाडीत एक जण हसत हसत म्हणाला, "तुझं काय, तुझं तर यात निघालंच असेल." बाकीचेही हसले. त्या हसण्यानं मला कळलं, की चार दिवस सगळे मनात हेच धरून होते. वही माझ्या पिशवीत होती, कुणाला दाखवली नव्हती, एवढीच माझी चूक. तुमच्या बाबतीत तर वहीत खरंच काहीतरी असेल. श्रीलंकेतला एखादा चालक बोलका निघाला आणि "मॅडम फ्री, ना?" म्हणाला, की झालं.

आणखी एक. ज्या दिवशी तुम्ही फुकट जाल, त्या दिवसापासून तुम्ही त्या गटाच्या टूरवाल्या. व्हॅनचा एसी बंद पडला की सहा माना तुमच्याकडे वळतील. पहाटे हॉटेलनं न्याहारीची पाकिटं दिली नाहीत तर भांडायला तुम्ही जायचं आणि तेवढ्यात बाहेर झाडावर आलेला पक्षी बाकीच्यांनी बघायचा. हे पत्करायचं असेल तर जरूर फुकट जा, पण सांगून जा.

मी काय करीन? सीट सामाईक करीन आणि माझ्या कामाचा वाटा उघड मागीन. बाकी सहांनी प्रत्येकी 2,000 रुपये जास्त द्यायचे, ते तुमच्या वाट्यातून वजा. मग ते प्रत्येकी 88,143 देतील, तुम्ही 74,143. गंमत बघा, तुम्ही गटाला 96,000 सांगून ठेवलेत. म्हणजे ही बातमी प्रत्येकाच्या खिशात जवळपास आठ हजार रुपये परत घालत येणार आहे, आणि गुरुजींच्या खिशात पस्तीस हजारांच्या घरात. इतकं चांगलं सांगायला तुम्ही इतक्या घाबरलात, याचं मला पत्र वाचताना राहून राहून हसू येत होतं. रागावू नका.

2,000 हा आकडा मी माझ्या मनानं घातलाय. गटाला विचारा. कुणी "पाच हजार घ्या" म्हणेल, कुणी नाक मुरडेल. नाक मुरडणाऱ्याला पुढच्या सहलीचं काम द्यायचं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. कुणीच दुखावणार नाही असा हिशेब मला येत नाही. आला असता तर मी सदर न लिहिता भिशी चालवली असती. गटात दोन मतं दिसतात. लेन्सवाले म्हणतात, सगळं सारखं वाटा, कटकट नको. गुरुजी म्हणतात, टीटीएमएम, तुझं तू माझं मी. दोन्ही ऐकायला सोपी आहेत आणि दोन्ही जागोजाग अडतात. मी इतकंच बघते : हा खर्च कुणाच्या आवडीमुळं वाढला, की गटाच्या रचनेमुळं? आवडीचा असेल तर ज्याचा त्यानं द्यावा. रचनेमुळं आला असेल तर सगळ्यांनी.

गुरुजींची खोली घ्या. ती त्यांनी हौसेनं मागितलेली नाही. गटात सात माणसं आहेत, एक जोडपं, दोन बायका, दोन मित्र, उरले एक. सम संख्या असती तर हा खर्चच आला नसता. म्हणून ते 27,000 सातांत, माणशी 3,857. आधीच्या 86,143 मध्ये ते धरलेलेच आहेत. उद्या तुमची मैत्रीण म्हणाली, "ताई घोरतात, मला वेगळी खोली द्या," तर ती आवड. तिचे पैसे तिचे. तुम्ही खरंच घोरत असाल तर मात्र दोघींनी मिटवा, मी त्यात पडत नाही.

जीपचं भांडण तर तुम्ही उगाच ओढवून घेतलंय. 'याला' आणि जवळचं 'बुंदला' या दोन उद्यानांतल्या उघड्या सफारी जीपमध्ये बहुधा सहा सीटा असतात. तुम्ही सात आहात, म्हणजे दोन जीप लागणारच. लेन्सवाले दोघे एका जीपमध्ये आणि तुम्ही पाच जण दुसऱ्या, तरी खर्च तेवढाच. त्यांना पूर्ण दिवसाची जीप हवी असेल आणि तुम्हाला अर्ध्या दिवसाची, तर वरचा फरक त्यांचा. शिवाय ते यालात काय बघायला जाताहेत हे विचारलंत का? बिबट्या. याला बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि एक दिसला की पंधरा-वीस जीप एकमेकींना घासून उभ्या राहतात. पक्षी बघणाऱ्यानं त्या धुरळ्यात का बसावं? त्या सकाळी तुम्ही पाच जण बुंदलाला जा. मिठागरं, खारकच्छ, चिखलावर टिपत फिरणारे किनाऱ्याचे पक्षी, आणि बऱ्याचदा पाठीमागं एकही गाडी नाही. श्रीलंकेतलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ते, 1990 सालचं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ तुमचं नांदूर मध्यमेश्वर. तुम्हाला तिथं घरच्यासारखं वाटेल. संध्याकाळी तिस्साच्या तळ्यावर दोन्ही गट भेटा आणि एकमेकांना जळवा.

कॅमेऱ्यांचा खरा प्रश्न सिंहराजात येईल. तिथं गाडी आत नाही, पायी चालायचं, आणि पक्षी एकेकटे न येता घोळक्यानं येतात. केशरी चोचीचे सातभाई आणि कोतवाल पुढं, त्यांच्या मागं वेगवेगळ्या जातींचा तांडा. पंधरा मिनिटं जंगल गप्प असतं, मग एकदम वरच्या फांद्या हलू लागतात, लाल तोंडाचा मालकोहा इकडं, निळी मॅगपाय तिकडं, आणि पाच मिनिटांत सगळं पुढं सरकलेलं. पायवाट अरुंद. त्या पाच मिनिटांत तिपाई मांडून कुणी वाट अडवली तर मागच्या चौघांना फक्त पाठ दिसते. गुरुजी तिसाव्या वर्षापासून दुर्बिणीनं बघताहेत आणि "जरा बाजूला व्हाल का" म्हणायचा त्यांचा स्वभाव नसणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेव्हा तिथं तिपाई नको, हे निघण्याआधीच ठरवा.

घुबडासाठी आणखी एक नियम लागेल. सेरेंडिब स्कॉप्स आउल हे नाव तुमच्या यादीत असणारच. श्रीलंकेचे पक्षीतज्ज्ञ दीपाल वारकागोडा यांनी त्याचा अनोळखी आवाज आधी ऐकला, पक्षी प्रत्यक्ष दिसला 2001 मध्ये, आणि 2004 मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. एवढ्याशा बेटावर इतकी वर्षं लपून राहिलेला पक्षी तो, सहज थोडाच दिसणार? गाइड किंवा स्थानिक वाटाड्या आधी एकटा उतारावर घुसतो, झुडपात खाली बसलेलं घुबड शोधतो, मग हळूच खूण करून दोघा-तिघांना बोलावतो. जागा तेवढ्यांपुरतीच असते, पायाखाली ओला पाला, आणि जळवा मोज्यांवरून वर चढत असतात. इथं आधी कुणी जायचं? माझं मत : पहिली पाळी दुर्बिणीवाल्यांची, प्रत्येकी एक मिनिट. मग कॅमेरे, त्यांनाही वेळ बांधून. फ्लॅश नाही, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं नाही. लेन्सवाले कुरकुरतील. त्यांना सांगा, घुबड उडालं तर तुम्ही बघायचेही राहाल, दुर्बिणीवाल्यांनी निदान बघितलेलं असेल.

त्या वाटाड्याची बक्षिसी सामाईक डब्यातून द्या. रोजच्या अशा खर्चांसाठी कोलंबोला उतरल्यावर सगळ्यांनी सारखे श्रीलंकन रुपये काढून एका पाकिटात घालायचे. चहा, शहाळी, वाटाडे, गाडी लावायचे पैसे त्यातून. पाकीट मात्र तुमच्याकडे नको. ते वहिनींकडे द्या.

वहिनींबद्दल थोडं बोलायचंय. तुम्ही पत्रात त्यांना तीनदा 'नॉन-बर्डर' म्हटलंय आणि एकदाही त्यांना काय हवंय ते लिहिलेलं नाही. विचारलंत का? बरेचदा असं होतं, की गट मनातल्या मनात ठरवतो, यांना कंटाळा येणार, आणि मग त्यांच्या कंटाळ्याची भीती बाळगून सगळे वागतात. त्यांना कदाचित नुवारा एलियाच्या चहाच्या मळ्यांत एक दिवस निवांत हवा असेल. कदाचित पहाटे चारला उठायचं नाही एवढीच अट असेल. तिथून जवळच्या हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानात जायचं तर तुम्ही साडेचारच्या सुमारास गारठ्यात निघणार, कारण तिथली शीळकरी कस्तुरी, जिला सगळे अरेंगा म्हणतात, ती उजाडता उजाडता रस्त्याकडेच्या डबक्यावर दिसली तर दिसते. त्या दिवशी वहिनी हॉटेलवर थांबल्या तर हॉर्टन प्लेन्सचं तिकीट त्यांच्या हिशेबातून वजा करा, गाडीचा वाटा मात्र राहू द्या. गाडी त्या बसल्या काय, न बसल्या काय, जाणारच आहे. आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना व्हिक्टोरिया पार्कमध्ये घेऊन या. शहराच्या मधोमध बाग आहे, बाकावर बसून पक्षी दिसतात. काश्मीरमध्ये घरटं करणारा काश्मीर फ्लायकॅचर हिवाळ्यात तिथं उतरतो. नवरंगही. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडच्या जंगलात येऊन शिट्या घालणारा नवरंग थंडीत दक्षिणेला आणि लंकेत असतो. बागेतल्या गटाराशेजारी पाला उलटत उड्या मारणारा तो पक्षी वहिनींना सगळ्यात आधी दिसला, तर मला बिलकूल आश्चर्य वाटणार नाही. ज्यांच्या हातात यादी नसते त्यांना पक्षी दिसतात, असा माझा अनुभव आहे.

हॉटेलांच्या वादात मी गुरुजींच्या बाजूची. रोज पहाटे अंधारात निघायचं, न्याहारी पाकिटातून खायची, रात्री आठला यादी मांडून झोपायचं, मग तरणतलाव कुणासाठी? सिंहराजाजवळ तर राहण्याची सोय साधीच असते, तिथं वाद घालायला फारशी जागा नाही. नुवारा एलियाला फक्त गरम पाणी आणि जाड पांघरूण पक्कं करा. ते गाव 1,868 मीटरवर आहे, फेब्रुवारीत रात्री चांगलीच कुडकुड होते. बाकी ठिकाणी स्वच्छ आणि जंगलाजवळ, एवढं पुरे. एजंटाला हॉटेलांचा वर्ग एक पायरी उतरवून नवा आकडा मागा. तुमच्यातल्या कुणाला तिस्साला बरी खोली हवीच असेल तर ती आवड, वरचे पैसे त्याचे.

जेवणाचं एक. तुमच्यात शाकाहारी किती ते लिहिलं नाहीत. भात, परिप्पू म्हणजे आपल्या वरणाचाच भाऊ, आणि दोन-तीन भाज्या सगळीकडे मिळतात. पण सोबत येणाऱ्या खोबऱ्याच्या पोल संबोलमध्ये बरेचदा सुक्या मालदीव माशाची भुकटी असते. दिसायला थेट आपल्या ओल्या चटणीसारखा. गुरुजींनी दोनदा मागून खाल्ल्यावर कुणी सांगू नये, आधीच विचारून घ्यावं. बिअरची बिलं अर्थातच ज्याची त्याची.

आता ज्या गोष्टीला तुम्ही पत्रात एकच ओळ दिलीत, आणि जी मला सगळ्यात धोक्याची वाटते. लेन्सवाल्या भाऊंनी पैसे भरलेले नाहीत. "येतोय की, भरतो," असं चाललंय. ते आयत्या वेळी गळले तर काय होईल? तुम्ही सहा उराल. सहांतला एक फुकट म्हणजे पैसे भरणारे पाच, आणि एजंटाची अट सहांची. फुकट सीट गेली. सहा जणांना 96,000 प्रमाणे 5,76,000, त्यात त्यांचा मित्र आणि गुरुजी एका खोलीत राहायला तयार झाले तर सिंगल रूमचे पैसे वाचतील, नाही झाले तर दोन एकट्या खोल्यांचे 54,000 वर. म्हणजे प्रत्येकाचा आकडा 86,143 वरून 96,000 किंवा 1,05,000 वर जाणार. एका माणसाच्या 'भरतो'ची ही किंमत आहे. ती त्यांना याच आकड्यांत सांगा. आवाज चढवायची गरज पडणार नाही. तारीख द्या, त्या तारखेपर्यंत आगाऊ रक्कम आली नाही तर जागा मोकळी. आणि भरल्यानंतर कुणी गळलं तर? बदली माणूस आणला तर पैसे परत, नाही आणला तर एजंट जेवढे परत देईल तेवढेच. आजारपण, घरातलं मरण, यासाठी काय करायचं तेही आत्ताच बोला, म्हणजे वेळ आली की कुणाच्या दुःखात हिशेब काढावा लागणार नाही. प्रवासविमा ज्याचा त्यानं काढायचा, रद्द झालेल्या सहलीची भरपाई त्यात आहे का ते वाचून.

पैसे कसे जाणार? सहा लाख रुपये तुमच्या एकटीच्या खात्यातून परदेशी पाठवू नका. बँक पॅन विचारते, कारण विचारते, आणि तो सगळा व्यवहार तुमच्या नावावर चढतो. मग जुलैमध्ये विवरणपत्र भरताना सीएला सांगत बसा, की यातले पाच लाखांवर माझे नव्हेतच. एजंटाकडून सात वेगळी बिलं मागा, ज्यानं त्यानं आपले पाठवावेत. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. काही आगाऊ, बाकी पोचल्यावर, असं लेखी घ्या. 'चालक-गाइड' म्हणजे नक्की कोण हेही विचारा. परवानाधारक राष्ट्रीय गाइड असणं वेगळं आणि पक्ष्यांचे आवाज ओळखणं वेगळं. तुम्हाला दुसरं हवंय. त्यानं अलीकडे कुठल्या पक्षीगटाबरोबर काम केलंय, त्यांच्यातल्या कुणाशी बोलता येईल का, हे विचारायला लाजू नका. राष्ट्रीय उद्यानांत सार्क देशांच्या नागरिकांना वेगळा दर असतो, तो तुमच्या दरपत्रकात धरलाय की सगळे 'फॉरेनर' म्हणून मोजलेत, तेही पाहा. बऱ्याच एजंटांकडे एकच छापील तक्ता असतो. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत शिरायचा ऑनलाइन परवाना, ज्याचा त्यानं अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावं, नियम आणि शुल्क हल्ली सारखे बदलतात.

गटावर काय लिहू, असा तुमचा पुढचा फोन येणार. म्हणून मसुदा देते, हवा तसा बदला :

"मंडळी, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, उशीर झाला. एजंट सहा जणांवर एक सीट फुकट देतोय, ती त्यानं मला देऊ केली होती. ती आपण सगळ्यांत वाटून घेऊ. गुरुजींची खोली गटामुळं एकटी पडतेय, म्हणून तिचे पैसेही सगळ्यांत. असं केल्यावर माणशी 86,143 येतात, 96,000 नाहीत. जुळवाजुळवीसाठी प्रत्येकानं 2,000 माझ्या वाट्यातून कमी करावेत अशी माझी विनंती आहे. पटत नसेल त्यानं मोकळेपणानं सांगा. हिशेबाची शीट सोबत आहे, सगळ्यांना उघडता येईल. आगाऊ रक्कम रविवारपर्यंत. रविवारी नांदूरला चहावर कॅमेरे, जीप आणि पहाटेचं बोलू."

'पटत नसेल त्यानं सांगा' हे वाक्य काढू नका, आणि कुणी खरंच सांगितलं तर लगेच उत्तर देऊ नका. एक रात्र जाऊ द्या. गुरुजींना मात्र गटावर टाकण्याआधी फोन करा. त्यांच्या खोलीचा विषय सगळ्यांसमोर आधी निघाला तर ते "मी माझे देईन" म्हणून अडून बसतील. शिक्षक आहेत.

राहता राहिला तुमचा फ्रॉगमाऊथ. सिंहराजालाही दिसतो, कितुलगलाच्या बाजूलाही. दिवसा जोडी एकमेकींना चिकटून वाळक्या पानांसारखी बसलेली असते, आणि ती जागा वाटाड्यालाच ठाऊक असते. त्याच्यासाठी रात्र वाढवू नका. नाव श्रीलंका फ्रॉगमाऊथ असलं तरी तो आपल्या सह्याद्रीतही आहे, गोव्यातल्या भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात लोक त्याला बघून येतात. लंकेत हुकला तर नाशिकहून गाडी काढा आणि मैत्रिणीला घेऊन जा. दोघीच असाल. हिशेब सोपा.